अर्धी राहिलेली पाने

तुमची चित्रकलेची वही काढा आणि तिची पाने मोजा. वही विकत आणली तेव्हा जितकी होती तितकी आज भरणार नाहीत. कमी झालेली पाने कोठे गेली हे तुम्हांला चांगले ठाऊक आहे. घोड्याचा पाय वाकडा आला, चित्र अर्धे झाले आणि तास संपला, की पान टर्रकन फाडायचे, त्याचा बोळा करायचा आणि कोपऱ्यात भिरकावायचा! मी पुष्कळ वर्षे चित्रकला शिकवली. वर्ग सुटल्यावर हे बोळे उचलून, मांडीवर सरळ करून पाहण्याची मला खोड आहे. खरे सांगतो, भिंतीवर लावलेल्या रंगीत चित्रांपेक्षा चांगले चित्र मला या बोळ्यांत अनेकदा सापडले आहे.

आज मी त्या फाडलेल्या पानांची बाजू मांडणार आहे. विज्ञानाच्या मासिकात चित्रकलेचा विषय कशाला, असे तुमच्यापैकी कोणी म्हणेल. पण चार तुटक रेषा पाहून आपल्याला ‘हा माणूस बसला आहे’ असे कळते ते कसे? कागदावर प्रत्यक्षात माणूस नाही, त्याचा रंग नाही, बहुतेक ठिकाणी तर काहीच नाही. तरी आपण चुकत नाही. या प्रश्नाचे उत्तर चित्रकाराला जितके हवे आहे तितकेच शास्त्रज्ञालाही हवे आहे.

कांद्याच्या बाजारात

सायखेडा हे नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील गोदावरीकाठचे गाव. नदीच्या पलीकडे चांदोरी. पात्रातले पाणी खाली गेले म्हणजे चांदोरीच्या बाजूला एरवी बुडालेली जुनी दगडी मंदिरे उघडी पडतात. आणखी खाली, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. तेथील पाणथळ जागा २०२० साली ‘रामसर’ यादीत गेली. त्या यादीतले महाराष्ट्राचे हे पहिले स्थळ. पण मला सायखेड्याला नेत असे तो कांदा. पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा उपबाजार येथे भरतो आणि हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग लागते.

कांद्याच्या लिलावात रेखाटने करून पाहा म्हणजे ‘पूर्ण चित्र’ या शब्दाचा सगळा तोरा उतरतो. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीपाशी येतो, कोणी मूठभर कांदे उचलून टरफल चोळून पाहतो, भाव पुकारला जातो, वाढतो, तुटतो आणि पाहता पाहता घोळका पुढच्या ट्रॉलीपाशी जातो. शेतकरी क्षणभर तसाच उभा राहतो, एक हात ट्रॉलीच्या फळीवर टेकून. त्याच्या मनात भावाचा हिशेब चाललेला असतो. तेवढ्या क्षणात मला तो हात, खांदा आणि मानेचा बाक पकडता आला तर आला. डोळे, नाक, शर्टाची बटणे यांना वेळच नसतो. हमालांचे तेच. पाठीवर गोणी घेतलेला माणूस तुमच्यासाठी थांबत नाही. त्याने थांबावे असे म्हणणेही बरे नव्हे.

माझ्या वहीत अशी दीड-दोनशे पाने जमली होती. एकही पूर्ण नव्हते. एका पानावर नुसती पाठ, दुसऱ्यावर दोन पाय आणि एक टोपली. प्रत्येकाच्या खाली मी शाईपेनाने त्या माणसाचे नाव आणि तारीख लिहीत असे. ही शाईपेनाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

पेन्सिलीत शिसे नसते

आपण ‘शिसपेन्सिल’ म्हणतो, पण तिच्यात शिसे नावालाही नसते. सोळाव्या शतकात, १५६०च्या सुमारास, इंग्लंडमधील बॉरोडेल येथे एक काळा, चकचकीत, मऊ खनिज पदार्थ सापडला. तो शिशाचाच प्रकार असावा असे लोकांना वाटले आणि नाव चिकटले ते चिकटलेच. तो पदार्थ म्हणजे ग्राफाइट, शुद्ध कार्बनचे एक रूप. हिरा हेही कार्बनचेच रूप हे तुम्ही शिकला आहात.

ग्राफाइटमध्ये कार्बनचे अणू षट्कोनांच्या जाळीत, मधमाशीच्या पोळ्याप्रमाणे, सपाट थरांत बसलेले असतात. एकाच थरातील दोन शेजारी अणूंमधील अंतर ०.१४२ नॅनोमीटर, तर एका थरापासून दुसऱ्या थराचे अंतर ०.३३५ नॅनोमीटर. थरातले बंध पक्के आणि थराथरांमधले बंध अगदी सैल. म्हणून पेन्सिल कागदावर घासली की पत्त्यांच्या जोडातले पत्ते सरकावेत तसे थर सरकतात, तुटतात आणि कागदाच्या तंतूंत अडकून बसतात. तुमची रेषा म्हणजे अशा असंख्य कपच्यांची मांडणी. (याच ग्राफाइटवर चिकटपट्टी लावून आणि उचकटून गाईम आणि नोवोसेलोव्ह यांनी २००४ साली एका अणूइतक्या जाडीचा थर वेगळा केला. त्याचे नाव ग्राफीन. दोघांना २०१० चे नोबेल पारितोषिक मिळाले.)

१७९५ साली फ्रान्समध्ये निकोला-झाक काँते याने ग्राफाइटच्या भुकटीत चिकणमाती मिसळून कांड्या भाजल्या. माती जास्त तर कांडी कठीण आणि रेषा फिकी. ग्राफाइट जास्त तर कांडी मऊ आणि रेषा काळीभोर. पेन्सिलीवरची ‘एच’ आणि ‘बी’ ही अक्षरे हेच सांगतात. दुकानात सहज मिळणारी ‘एचबी’ मधली. रेखाटनासाठी मी मुलांना ‘२बी’ किंवा ‘४बी’ घ्यायला सांगतो, कारण मऊ कांडी हाताचा दाब प्रामाणिकपणे नोंदवते. हलका हात, तर कागदाच्या खरखरीत पृष्ठभागाचे फक्त उंचवटे काळे होतात आणि रेषा दाणेदार दिसते. जोर दिला की ग्राफाइट खोलगट भागांतही भरते आणि रेषा गडद होते. कठीण पेन्सिलीत हा फरक पुष्कळसा दबून जातो.

आता खरी गंमत. कोणतेही पेन्सिलीचे रेखाटन घ्या आणि भिंगातून पाहा. रेषेची सुरुवात कोठे झाली, हात कोठे जोरात टेकला, कोठे उचलला गेला, हे दिसते. तिरप्या उजेडात धरलेत तर जोराच्या ठिकाणी कागदावर पडलेली चरही दिसेल. म्हणजे रेखाटन हे वस्तूचे चित्र तर असतेच, शिवाय हाताच्या हालचालीची नोंदही असते. भूकंपमापकाची सुई कागदावर काढते तशी. रंगवून, घोटून पूर्ण केलेल्या चित्रात ही नोंद बहुधा पुसली जाते.

थरथरणारा हात, धावणारा हात

हात पुढे करा आणि बोटांवर एक कागद ठेवा. कागदाची कड थरथरताना दिसेल. घाबरू नका, हा आजार नव्हे. निरोगी माणसाचा हातही दर सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा सूक्ष्म थरथरतो. रेषा अगदी सावकाश, कोरत कोरत काढली तर ही थरथर तिच्यात उतरते आणि रेषा केसाळ, भित्री दिसते. तीच रेषा एका झटक्यात काढली तर थरथर उतरायला सवडच मिळत नाही. मात्र झटक्यात काढलेली रेषा जरा इकडेतिकडे जाण्याचा धोका असतो. मग चित्रकार काय करतो? खोडत बसत नाही. पहिल्या रेषेशेजारी दुसरी काढतो, तीही पटली नाही तर तिसरी. खांद्याच्या एकाच वळणाला अशा तीन-चार रेषा दिसल्या की पालक म्हणतात, ‘किती गिचमिड केली आहे!’ जाणकार मात्र तेथेच थांबतो. त्याला दिसते की पहिली रेषा अंदाजाची, दुसरी दुरुस्तीची आणि तिसरी, थोडी दाबून काढलेली, खात्रीची. एका माणसाचा विचार बदलत गेला तो डोळ्यांसमोर उलगडतो. आणखी एक आहे. या रेषा एकमेकींवर नेमक्या बसत नाहीत म्हणूनच खांदा हलल्यासारखा वाटतो.

खोडरबर वाईट नाही. १७७० साली जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञाने पेन्सिलीच्या खुणा पुसणाऱ्या रबराची नोंद केली. त्याआधी लोक पावाच्या तुकड्याने खोडत. पण रेखाटन करताना मी मुलांच्या हातातून खोडरबर काढून घेतो. त्यावरून मुले रुसतात.

न काढलेले कसे दिसते

आता डोळ्याकडे वळू. तुमच्या समोर माठ ठेवला आहे. त्याच्या भोवती काळी रेषा आहे काय? नाही. निसर्गात वस्तूंना रेषा नसतातच. एका ठिकाणी माठाचा तांबडा संपतो आणि भिंतीचा पांढरा सुरू होतो, इतकेच. तरी माठाचे चित्र काढायला सांगितले की पहिलीतला मुलगाही आधी रेषाच काढतो आणि पाहणाऱ्याला ती पटते. असे का?

डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन वीझेल या दोन शास्त्रज्ञांनी १९५९ पासून मांजराच्या मेंदूतील दृष्टिकेंद्राचा अभ्यास केला. तेथील काही चेतापेशी नुसत्या उजेडाच्या ठिपक्याने फारशा उद्दीपित होत नाहीत, पण ठरावीक दिशेने तिरपी असलेली कड किंवा पट्टी दाखवली की जोरात प्रतिसाद देतात, असे त्यांना आढळले. एका पेशीला उभी कड आवडते, दुसरीला आडवी, तिसरीला तिरपी. या कामाबद्दल दोघांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे दृश्यातील कडा वेचून काढणे हे मेंदूचे पहिल्या कामांपैकी एक काम आहे. रेखाटन करणारा मेंदूला त्याच्या सवयीचाच घास भरवतो.

पण मग हे लहानपणी चित्रांची पुस्तके पाहून शिकलेले नसेल कशावरून? हॉकबर्ग आणि ब्रूक्स यांनी १९६२ साली एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. आपल्या स्वतःच्या मुलाला त्यांनी जवळजवळ १९ महिन्यांचा होईपर्यंत होता होईल तो चित्रे दाखवली नाहीत, चित्र दाखवून नाव तर कधीच सांगितले नाही. नंतर त्याच्यापुढे रेखाचित्रे ठेवली. ओळखीच्या वस्तू त्याने रेषांवरून ओळखल्या! एका मुलावरून सर्व मानवजातीचा निष्कर्ष काढू नये हे खरे, पण प्रयोग बोलका आहे.

दुसरे उदाहरण तुम्ही घरी करून पाहा. काळ्या कागदाच्या तीन गोल चकत्या कापा. प्रत्येकीतून पुरणपोळीचा चतकोर काढावा त्यापेक्षा थोडा लहान, ६० अंशांचा तुकडा काढून टाका. पांढऱ्या कागदावर चकत्या त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर अशा ठेवा की कापलेली तोंडे आतल्या बाजूला, एकमेकांकडे येतील. मध्ये एक पांढराशुभ्र त्रिकोण दिसू लागेल, आणि तो बाजूच्या कागदापेक्षा किंचित उजळही वाटेल. त्रिकोण कोणी काढलेला नाही. इटलीच्या गाएतानो कानित्सा यांनी १९५५ साली हा त्रिकोण मांडला. अपुरी खूण मिळाली की उरलेली आकृती मेंदू स्वतः पुरी करतो. रेखाटनात पाठीची रेषा अर्ध्यावर सुटते आणि कमरेपाशी पुन्हा सुरू होते, तेव्हा मधली पाठ तुम्ही काढलेली असते. अर्धे चित्र चित्रकाराचे आणि अर्धे तुमचे!

तिसरी गोष्ट अशी की डोळा सगळे चित्र एकदम स्पष्ट पाहतच नाही. दृष्टिपटलाच्या मध्यावरील लहानशा खळग्यानेच आपल्याला बारकावे दिसतात आणि त्याच्या वाट्याला येतो तो साधारण दोन अंशांचा तुकडा. हात लांब करून अंगठ्याचे नख पाहावे एवढा. बाकीचे सारे धूसर. डोळा दर सेकंदाला साधारण तीन वेळा उडी मारतो आणि जेथे काम आहे तेथे टेकतो. कसलेले रेखाटन तुमच्या डोळ्याला असेच फिरवते. जेथे चित्रकाराची नजर रेंगाळली तेथे रेषा दाट असतात, जेथून ती नुसती घसरत गेली तेथे कागद कोरा. कोरी जागा म्हणजे आळस नव्हे. अर्थात कधीकधी आळसही असतो. दोन्हींतला फरक ओळखायला शंभरेक रेखाटने पाहावी लागतात, त्याला जवळचा रस्ता नाही.

जुन्या लोकांनाही हे ठाऊक होते

पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने लिहून ठेवले आहे की काही चित्रकारांची शेवटची, अपुरी राहिलेली चित्रे त्यांच्या पुऱ्या चित्रांहून अधिक वाखाणली जात, कारण त्यांत आखणीच्या रेषा आणि चित्रकाराचे विचार दिसतात. लिओनार्दो दा व्हिंचीने १४८१ मध्ये फ्लॉरेन्सला घेतलेले एक मोठे धार्मिक चित्र अर्धवट टाकले आणि तो मिलानला निघून गेला. ते चित्र आज उफीझी संग्रहालयात मानाने टांगलेले आहे.

इतक्या दूर कशाला, आपल्या अजिंठ्याला जा. तेथील चित्रकार भिंत तयार करून प्रथम लाल गेरूच्या रेषेने आकृत्या आखत, मग रंग भरत. लेणे क्रमांक २४ पाहायला मात्र सहलीच्या घाईत कोणी थांबत नाही. ते पुरे झाले असते तर अजिंठ्याच्या सर्वांत मोठ्या विहारांपैकी एक ठरले असते. अर्धवट राहिले म्हणूनच डोंगरात लेणे कसे कोरत गेले हे तेथे कळते. पूर्ण लेण्यात ही विद्या झाकली जाते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात गंगाराम चिंतामण तांबट नावाचा कलावंत होऊन गेला. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट आणि स्कॉटलंडहून आलेला चित्रकार जेम्स वेल्स यांच्यासाठी त्याने वेरूळच्या लेण्यांची रेखने केली, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडाही काढला. त्याचे काम आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात आहे. आपल्याकडे त्याचे नाव किती जणांना ठाऊक आहे हे विचारू नये. आपल्या काळाजवळचे उदाहरण म्हणजे मुंबईचे चित्रकार के. के. हेब्बर. त्यांनी नर्तक-वादकांची अगदी मोजक्या रेषांची चित्रे काढली आणि १९६४ साली त्यांचे ‘सिंगिंग लाइन’ हे पुस्तक निघाले. ठाण्याचे सुधीर पटवर्धन हे तर पूर्वी पेशाने क्षकिरणतज्ज्ञ होते. दिवसभर हाडांच्या सावल्या वाचणाऱ्या या डॉक्टरांनी लोकल गाडीतली, रस्त्यावरची माणसे चितारली.

शास्त्रज्ञांच्या वह्यांतही अशीच पाने आहेत. १८३७ साली चार्ल्स डार्विनने वहीच्या एका पानावर शाईने एक वेडेवाकडे झाड काढले. सजीवांच्या जाती एकमेकींपासून कशा फुटल्या असाव्यात याचे ते पहिले रेखाटन. केंब्रिजच्या ग्रंथालयातून ही वही नाहीशी झाली होती. दोन दशकांनंतर, मार्च २०२२ मध्ये, कोणीतरी ती भेटवस्तूच्या पिशवीत घालून गुपचूप परत ठेवली. चोरालाही ते पान फाडावेसे वाटले नाही! १९५३ साली फ्रान्सिस क्रिकने पेन्सिलीने काढलेला डीएनएच्या दुहेरी गोफाचा कच्चा आराखडाही जपून ठेवलेला आहे.

आणि भौतिकीने रेखाटनाची केलेली एक सेवा सांगितलीच पाहिजे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस नेदरलंड्सच्या व्हान आस्पेरन द बूर यांनी जुनी तैलचित्रे अवरक्त किरणांनी पाहण्याची पद्धत बसवली. पुष्कळसे रंग हे किरण आरपार जाऊ देतात, पण खालचा कोळसा किंवा ग्राफाइट ते शोषून घेतो. त्यामुळे रंगाखाली शतकानुशतके दडलेले पहिले रेखाटन काळ्या रेषांत उमटते. चित्रकाराने आधी हात वर काढला होता, मग खाली आणला, असे सगळे बाहेर येते. ज्या कच्च्या रेषा तुम्ही खोडता त्या शोधण्यासाठी तज्ज्ञ यंत्रे लावून बसतात.

तुमच्या रेखाकला परीक्षांशी माझे भांडण नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलात तर वेळेत आणि स्वच्छ काम पुरे करायला शिकलेच पाहिजे. तीही विद्या आहे. माझे म्हणणे इतकेच की परीक्षेच्या कागदाचा नियम वहीच्या प्रत्येक पानाला लावू नका. नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर एखादी जांभळी पाणकोंबडी पाहिलीत तर ती तुमची छायाभेद पुरी होईपर्यंत उभी राहणार नाही. एक अंडाकृती अंगाची, एक लहान डोक्याची, मानेचा बाक, पायांचा कोन, संपले. पंधरा सेकंदांच्या त्या चार खुणांवरून पक्षी ओळखता येतो. पानाच्या कडेला ‘चोच तांबडी’ एवढे लिहा, पण पेन्सिलीनेच लिहा.

पेन्सिलीनेच का, ते आता सांगतो.

पुराचे पाणी

ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीला मोठा पूर आला. गंगापूर आणि दारणा धरणांतून पाणी सुटले आणि सायखेडा-चांदोरीच्या वस्तीत शिरले. माझ्या वह्या त्या वेळी सायखेड्यालाच, एका स्नेह्यांच्या घरी, खालच्या पेटीत होत्या. पूर ओसरल्यावर पेटी उघडली तेव्हा आत गाळ आणि वह्यांचा लगदा. ओली पाने ओढून वेगळी करू नयेत, उन्हातही टाकू नयेत, हे मला ठाऊक होते. आम्ही वह्या सावलीत उभ्या केल्या, पाने सुटू लागली तसे मधे टीपकागद घातले, आणि मग एकेक पान दोरीवर चिमट्याने टांगले.

शाईने लिहिलेली सगळी नावे गेली होती. शाईपेनाच्या शाईतील रंगद्रव्य पाण्यात विरघळते. नावांच्या जागी निळसर ढग तेवढे उरले. पण पेन्सिलीच्या रेषा जशाच्या तशा! ग्राफाइट पाण्यात विरघळत नाही. कागदाचे तंतू पाण्याने फुगले तरी त्यांत अडकलेल्या कपच्या, कोणी घासल्या नाहीत तर, जागच्या हलत नाहीत. म्हणूनच प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात द्रवात बुडवून ठेवलेल्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहिण्याची पद्धत आहे. हे मी वर्गात कितीदा सांगितले होते, आणि स्वतः नावे लिहिली ती शाईने.

आता माझ्याजवळ दीड-दोनशे माणसे होती आणि नावे नव्हती. चेहरेही नव्हते, कारण चेहरा काढायला वेळ मिळालाच नव्हता. पाने टांगायला मदत करणारा नववीतला एक मुलगा एका पानापाशी थांबला. त्या पानावर गोण्यांच्या थप्पीला टेकून बसलेला एक हमाल होता. डोक्यावर गुंडाळलेले उपरणे, वाकलेली पाठ, एक गुडघा वर आणि त्यावर दोन्ही हात बांधलेले. दुसरा पाय नाहीच. तेवढ्यात पुढची ट्रॉली आली आणि तो उठला होता.

‘‘सर, हे आमचे आजोबा.’’

‘‘अरे, तोंड तर काढलेलेच नाही. कशावरून म्हणतोस?’’

‘‘गुडघा असाच धरायचे ते.’’

आजोबा तीन वर्षांपूर्वी वारले होते. घरात त्यांचा एकच फोटो, ओळखपत्रावरचा, तोही पुरात भिजून अर्धा उडालेला. दोन दिवसांनी मुलाचे वडील माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘‘गुरुजी, एवढे चित्र पुरे करून द्या. फोटोवरून तोंड काढा, पाय काढा, रंग भरा. भिंतीला लावू.’’

मी पेन्सिल हातात घेतली आणि तशीच ठेवली. त्या पानावर आज एक रेषाही वाढवली तर ती माझी आजची रेषा होणार. तो माणूस बसला होता त्या सकाळची नव्हे. पण त्यांना नाही तरी कसे म्हणायचे? पूर येऊन गेलेल्या घरात कलेवर व्याख्यान देणे मला प्रशस्त वाटले नाही. शेवटी मी दुसऱ्या कागदावर, उरलेल्या फोटोवरून आणि घरच्यांना विचारून विचारून, चेहऱ्याचे पुरे चित्र काढले, रंगवले आणि दोन्ही कागद घेऊन त्यांच्या घरी गेलो.

रंगीत चित्र सगळ्यांना आवडले. ते लगेच भिंतीवर गेले, त्याला हारही घातला गेला. मुलाच्या आजी मात्र दुसरे पान हातात घेऊन बराच वेळ बसून राहिल्या. मग त्यांनी त्या वर धरलेल्या गुडघ्यावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, ‘‘हा गुडघा लई दुखायचा बघा त्यांचा. कुणाला सांगायचे नाहीत. कामावर घेणार नाहीत म्हणून.’’

मी त्या सकाळी त्या गुडघ्यापाशी तीन रेषा का काढल्या होत्या हे मला आठवत नव्हते. पान उजेडाकडे धरून पाहिले. तिसरी रेषा सर्वांत दाबून काढलेली होती; कागदावर तिची चर बोटालाही लागत होती. आजींनी ते पान परत दिले नाही. रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ते घडी न पडेल असे सरकवले आणि पिशवी फळीवर, सगळ्यांत वर, ठेवून दिली.